तुळशीपत्र कुणाच्या घरावर?

१६४६ सालच्या अखेरीस मेरी व्हर्नी नावाची तिशीची एक बाई फ्रान्सहून लंडनला आली. पोटात मूल होतं. राहायला जागा मिळाली ती दोन जिने चढून गेल्यावर, खोल्या दोनच, भाडं आठवड्याला बारा शिलिंग. विस्तव, मेणबत्ती, धुणं, जेवण यांचे पैसे निराळे. तिनं नवऱ्याला हा सगळा हिशेब लिहून कळवला. नवरा फ्रान्समध्ये, ब्ल्वा या गावी, दोन मुलांना घेऊन राहिलेला. तिसरं मूल इंग्लंडातच, बकिंगहॅमशायरमधल्या क्लेडनच्या वाड्यात, नोकरांच्या भरवशावर. ती आली होती या वाड्यावरची आणि जमिनीवरची जप्ती उठवायला.

जप्ती आली होती, कारण तिच्या नवऱ्यानं एका कागदावर सही केली नव्हती.

नवऱ्याचं नाव सर रॅल्फ व्हर्नी. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या पार्लमेंटचा सभासद. तत्त्वासाठी घरदार, देश सोडला, असा माणूस. आपल्याकडे अशा माणसाबद्दल एक ठरलेलं वाक्य आहे: ‘त्यांनी घरादारावर तुळशीपत्र ठेवलं.’ हे वाक्य मी लहानपणापासून सत्कार समारंभांत, गौरवग्रंथांत आणि शोकसभांत ऐकत आलो. तुळशीपत्र ठेवायचं म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क सोडायचा, ती दान करून टाकायची. पण दान ज्याचं त्यानं करावं लागतं. घर एकट्याचं नसतं, आणि वाक्यात कर्ता मात्र नेहमी एकच असतो.

व्हर्नी कुटुंब निवडायचं कारण साधं आहे. या घरानं कागद टाकले नाहीत. रॅल्फ आलेलं प्रत्येक पत्र ठेवायचा, त्याच्या पाठीवर तारीख नि मजकुराचं सार टिपायचा, आणि आपण पाठवलेल्या पत्रांचे कच्चे खर्डेही जपायचा. क्लेडनमध्ये सतराव्या शतकातली सुमारे ३० हजार पत्रं शिल्लक राहिली. त्यामुळे राजकारण्याच्या तत्त्वनिष्ठेचं बिल कुठल्या दारात गेलं, कुणी ते कसं फेडलं, हे एरवी कधी न दिसणारं चित्र इथं पैशांपैशांनी दिसतं.

आधी घर नीट बघू. हे लोक ‘जेंट्री’तले. उमराव नव्हेत, हाऊस ऑफ लॉर्ड्‌समध्ये त्यांना जागा नाही. पण गावच्या जमिनी यांच्या, न्यायदंडाधिकारी हे, चर्चमधला पहिला बाक यांचा, आणि हाऊस ऑफ कॉमन्समध्ये जाणारेही बहुतेक हेच. इनामदार-वतनदारांची आठवण होईल, पण ताणून जुळवू नये. रॅल्फचे वडील सर एडमंड हे चार्ल्स राजाचे जुने सेवक. राजा राजपुत्र असताना, १६२३ मध्ये, लग्न जमवायला माद्रिदला गेला तेव्हाही एडमंड बरोबर होते. दरबारात वर्षं काढलेल्या माणसाची असते तशी त्यांची मिळकत होती: राजाकडून मिळायचे हक्क, पेन्शनी, मक्ते, आणि या सगळ्याच्या भरवशावर काढलेलं कर्ज. बायको मार्गारेट जवळच्याच हिल्सडन गावच्या डेंटन घराण्यातली. चार मुलगे नि सहा मुली मोठ्या झाल्या.

थोरल्याचं, म्हणजे रॅल्फचं, लग्न १६२९ मध्ये मेरी ब्लॅकनॉलशी लावलं. तो पंधरा वर्षांचा, ती तेरा. मेरी नऊ वर्षांची असताना, १६२५ च्या प्लेगच्या साली, तिचे आईवडील दोघंही गेले होते. मुलगी वारस, जमीन बरी. अशा पोरक्या वारसांचं पालकत्व राजाचं एक न्यायालय पैसे घेऊन विकत असे. त्याचं नाव कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स. हे नाव आपल्या ओळखीचं आहे, कारण पुढे इंग्रजांनी अज्ञान वारसांच्या जहागिऱ्या सांभाळायला इथं जे खातं काढलं त्यालाही त्यांनी तेच नाव दिलं. चार नातलगांनी मिळून मेरीचं पालकत्व विकत घेतलं, आणि मग ती व्हर्नींच्या घरात सून म्हणून आली. विकत घेतलेलं असलं तरी हे लग्न पुढे खऱ्या मायेचं ठरलं, पत्रांतून ते लपत नाही.

१६४० मध्ये बाप आणि मुलगा दोघंही एकाच पार्लमेंटमध्ये बसले. एडमंड वायकमतर्फे, रॅल्फ एल्सबरीतर्फे. रॅल्फला टिपणं काढायची सवय. घडी घातलेल्या कागदांवर, बहुधा गुडघ्यावर ठेवून, पेन्सिलीनं तो सभागृहात चाललेलं उतरवून घ्यायचा. ४ जानेवारी १६४२ रोजी राजा स्वतः शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला कॉमन्समध्ये शिरला, त्या दिवसाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत आपल्याला आहे तो बऱ्याच अंशी रॅल्फच्या पेन्सिलीमुळे. सभापती लेंथॉल गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, सभागृह आज्ञा करील त्याखेरीज मला बघायला डोळे नाहीत नि बोलायला जीभ नाही. राजा म्हणाला, माझे डोळे शाबूत आहेत, आणि पाखरं उडालेली दिसतात.

त्याच वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. रॅल्फ पार्लमेंटकडे राहिला. वडील राजाकडे गेले. ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला राजाचं निशाण उभं राहिलं, ते धरायचा मान एडमंड यांचा.

एडमंड यांचं राजाकडे जाणं मला या सगळ्या कथेतलं सर्वांत अवघड प्रकरण वाटतं. राजाच्या बाजूच्या एडवर्ड हाइडनं, पुढे या युद्धाचा इतिहासकार क्लॅरेंडन म्हणून ज्याला ओळखतात त्यानं, त्यांचं बोलणं लिहून ठेवलं आहे. एडमंड म्हणाले की राजानं पार्लमेंटचं म्हणणं मान्य करावं अशी आपली मनापासून इच्छा आहे. ज्या बिशपांपायी हा तंटा उभा राहिला त्यांच्याबद्दल आपल्याला काडीचा आदर नाही. पण राजाची भाकरी जवळजवळ तीस वर्षं खाल्ली, त्याला आता सोडण्याइतका नीचपणा आपल्याकडून होणार नाही, जीव जाणार हे ठाऊक असूनही. ते भाकरी म्हणाले, आपण मीठ म्हणतो. खाल्ल्या मिठाला जागणारा हा माणूस मनानं मुलाच्या बाजूचा होता आणि तलवार घेऊन मुलाच्या विरुद्ध उभा राहिला.

२३ ऑक्टोबर १६४२ ला एजहिलच्या लढाईत ते मारले गेले. निशाण हातातून गेलं, त्याच दिवशी परत मिळालं, देह मात्र मिळाला नाही. मुठीत निशाणाची काठी घट्ट धरलेला तुटका हात सापडला, बोटात राजाच्या चित्राची अंगठी होती, ही दंतकथा नंतर वाढली. खरी गोष्ट दंतकथेपेक्षा कोरडी आहे. ज्या फौजेनं बापाला मारलं ती रॅल्फच्या पक्षाची, म्हणून त्याला चौकशी करता आली. त्याच्या माणसानं सेनापतींना विचारलं, आणि मग आसपासच्या गावांतल्या पाद्र्यांकडे एकेक करून गेला. मेलेल्यांना पुरण्याचं काम त्या पाद्र्यांनी केलं होतं आणि किती पुरले याची खूण ठेवली होती. आकडा चार हजारांच्या जवळपास भरला. एडमंड व्हर्नी त्यांत कुठले, ते कुणालाच सांगता आलं नाही.

धाकटा भाऊ मन (त्याचंही नाव एडमंडच) राजाच्या फौजेत होता. त्यानं थोरल्याला लिहिलं की तू राजाविरुद्ध गेलास हे अगदी अशोभनीय केलंस, आणि राजाशी कर्तव्यानं बांधलेले बाबा नि मी आता तुझे शत्रू ठरणार या विचारानं काळीज दुखतं. पुढे त्याचं आणखी एक पत्र आहे. तू दुसऱ्या बाजूला असतास तर मी माझा उजवा हात खुशाल गमावला असता, पण या वादावरून आपल्या दोघांत भांडण होऊ देणार नाही. आपल्याखेरीज लढायला माणसं पुष्कळ आहेत. घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मामेभावाला काढून टाकण्याच्या आजच्या काळात हे पत्र वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. हा मन १६४९ मध्ये आयर्लंडात, ड्रोहेडा हे शहर पडल्यानंतर मारला गेला.

आता तो कागद. १६४३ मध्ये पार्लमेंटला स्कॉटलंडची फौज हवी होती. बदल्यात स्कॉट लोकांना हवा होता धर्माचा करार, सॉलेम लीग अँड कव्हेनंट. चर्चची बिशपांची व्यवस्था मोडीत काढू, अशी शपथ प्रत्येक सभासदानं घ्यायची. रॅल्फ बिशपांचा भक्त नव्हता. पण जे मनापासून पटत नाही त्याची देवासमोर शपथ घ्यायची नाही, एवढ्यावर तो अडला. बरोबरच्या कित्येकांनी सही केली, कुणी पटून, कुणी डोळे मिटून. रॅल्फनं ना सही केली ना राजाकडे गेला. त्या वर्षाच्या शेवटी बायको नि दोन मुलं घेऊन, नाव बदलून ‘स्मिथ’ होऊन, तो फ्रान्सला निघून गेला. सर्वांत धाकटा जॅक तीन वर्षांचा, तो मागे क्लेडनला राहिला. १६४५ च्या सप्टेंबरात गैरहजेरीबद्दल पार्लमेंटनं रॅल्फची जागा काढून घेतली. मग जप्ती.

माणूस म्हणून मला रॅल्फ आवडतो. दोन्ही बाजूंची शिवी खाऊन आपल्या सदसद्‌विवेकाशी इमान राखणारे लोक कुठल्याही यादवीत थोडे असतात. त्यानं सही करायला हवी होती, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं पुढच्या हिशेबाबद्दल आहे.

लग्न झालेल्या बाईला तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात नवऱ्यापासून वेगळं अस्तित्वच नव्हतं. तिची जमीन त्याच्या ताब्यात, तिचा करार तो करणार, तिची सही एकटी असेल तर ती कागदावरची शाई. आणि तरीही, जप्ती आली की जप्ती समितीच्या दारात उभी राहायची ती बाईच. खुद्द पार्लमेंटनं १६४३ मध्येच तरतूद केली होती की जप्त मालमत्तेच्या उत्पन्नाचा पाचव्या हिश्श्यापर्यंत भाग गुन्हेगाराच्या बायकामुलांना देता येईल. म्हणजे ज्यांनी जप्ती आणली त्यांनाही पक्कं ठाऊक होतं की पुरुषाच्या मताची शिक्षा पुरुषापाशी थांबत नाही. रॅल्फचे मामा, डॉक्टर विल्यम डेंटन, यांनी तर स्पष्ट लिहिलं: बायका आत्ता आहेत इतक्या उपयोगी कधीच नव्हत्या, तू इथं असतास तरी शहाणे लोक करतात तेच केलं असतंस, बायकोला शिकवून समितीपुढे तिलाच पाठवलं असतंस. रॅल्फच्या एका मित्राचा सल्ला आणखी व्यवहारी होता. बाईंना आर्जवं करायला मन वळवता आलं, आणि कठीण काळजं मऊ करायला अधूनमधून कांद्याचा रस डोळ्याला लावता आला, तर बरं.

कांद्याचा रस. कायद्यात जिला तोंड नाही तिनं रडायचं मात्र सरकारी समितीपुढे, आणि तेही घरच्यांनी आखून दिल्याप्रमाणे.

मेरीनं किती दारं वाजवली त्याचा पाढा वाचत नाही. बकिंगहॅमशायरच्या समितीकडून जप्तीचं नेमकं कारण लिहून घ्यायचं, कारण ते मिळाल्याशिवाय लंडनची समिती अर्ज ऐकणार नाही. जुन्या ओळखीची एक बडी बाई, जी नुकतीच पार्लमेंटच्या बाजूच्या एका अर्लची बायको झाली होती, तिच्या मागे लागायचं, आणि ती चालढकल करते हे गिळायचं. पैसा पुरवायचा. तिकडून रॅल्फची लांबलचक पत्रं यायची, मुद्देसूद, क्रमवार, सूचनांनी भरलेली, आणि त्यांत तक्रार असायची की माझ्या प्रत्येक मुद्द्याला तू उत्तर देत नाहीस. विजनवासातल्या रिकाम्या माणसाला लिहायला वेळ असतो. धावपळीत असलेल्या बाईला तो नसतो. हे चूक म्हणून नाही सांगत. एकाच घराच्या दोन टोकांना वेळ कसा वेगळा चालत होता, तेवढंच त्यातून दिसतं.

बाळंतपण जवळ आलं तेव्हा तिनं एक हट्ट केला. मुलगा झाला तर त्याला तुझंच नाव ठेवणार, त्यात मोडता घालायचा नाही असं बजावते. मुलगी झाली तर नाव तू निवड, मुलगी तुझी नि मुलगा माझा. जून १६४७ मध्ये मुलगा झाला. नाव रॅल्फ. बाळाला घेऊन ती उन्हाळ्यात क्लेडनला गेली. भिंतीत चिणून लपवलेल्या पिसांच्या गाद्या उंदरांनी खाल्लेल्या. मांस भाजायच्या सळया गंजून गेलेल्या. वाड्यात जॅक होता, आता सहा वर्षांचा, पायांनी इतका वाकडा की तिनं असं मूल पाहिलं नव्हतं. माझं म्हणून सांगत नाही, पण पोर भारी हुशार आहे, असंही तिनं त्याच पत्रांत लिहिलं.

त्याच शरद ऋतूत तान्हं बाळ आकडी येऊन गेलं. आणि तिकडे ब्ल्वामध्ये नवऱ्यापाशी असलेली आठ वर्षांची मुलगी पेग वारली. दोन्ही बातम्या मेरीवर पाठोपाठ आल्या. दोन रात्री ती भ्रमात बडबडत होती, कधी कधी माणसं ओळखत नव्हती, असं डॉक्टर डेंटननं कळवलं आहे. त्यानंतर ती पुन्हा कामाला लागली. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली. त्या वसंतात ती नवऱ्याकडे परतली, आणि १६५० च्या मे महिन्यात ब्ल्वामध्येच वारली. वय ३४.

ही झाली बायको. बहिणींचं अजून सांगितलंच नाही. वडील गेले तेव्हा सहांपैकी पाच बिनलग्नाच्या. त्यांच्या हुंड्याची सोय राजाकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर केलेली, आणि युद्धात ते उत्पन्नच आटलं. थोरला भाऊ परदेशात, जमीन जप्त, म्हणजे देणारं कुणी नाही. लग्न झालेली एकटी कॅरी. तिचा नवरा राजाच्या फौजेत कॅप्टन होता, १६४५ मध्ये एका चकमकीत पडला. ती गरोदर होती. मुलगा होण्याची सासरची आशा होती, मुलगी झाली, तीही डोळ्यांनी अधू. सासरच्यांचं वागणं बदललं आणि कॅरी माहेरी आली. हे वाचताना भाषांतर करावं लागत नाही.

वडील राजाकडे गेले ते मिठासाठी, मनाविरुद्ध. मुलगा फ्रान्सला गेला तो मनाच्या सांगण्यावरून, सोयीविरुद्ध. नीतिशास्त्राच्या वर्गात दोघांची उदाहरणं समोरासमोर ठेवून तासभर चर्चा होईल, आणि व्हायलाही हवी. पण बिलं तपासली तर दोन्हींवरचा पत्ता एकच निघतो. वडिलांच्या निष्ठेपायी मुलींचं हुंड्याचं उत्पन्न बुडालं, मुलाच्या सत्यनिष्ठेपायी ते भरून देणारा गेला. सू, पेन आणि बेटी या बहिणींना निष्ठा नि सत्य या दोन शब्दांत निवड करायची वेळ कधी आलीच नाही. त्यांना आली ती मोलकरीण कुणाबरोबर वाटून घ्यायची याची.

हे एका पक्षाचंही नव्हे. पार्लमेंटचा कट्टर सभासद सर रॉबर्ट हार्ले लंडनमध्ये मूर्ती नि रंगीत काचा फोडणाऱ्या समितीचं काम बघत होता, तेव्हा राजनिष्ठांनी वेढलेल्या हेरफर्डशायरात त्याचं घर, ब्रॅम्प्टन ब्रायन, त्याची बायको ब्रिलियाना सांभाळत होती. १६४३ च्या उन्हाळ्यात त्या घराला सुमारे सात आठवडे वेढा पडला. तिनं घर दिलं नाही. वेढा उठला, आणि ऑक्टोबरात ती आजारानं गेली. इतिहासात तिला निदान ‘वेढा झुंजवणारी बाई’ म्हणून जागा मिळाली, कारण तिच्या लढण्यात तोफा होत्या. मेरीच्या लढण्यात अर्ज होते. अर्जांचे पोवाडे होत नाहीत.

यावर नेहमीचा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कुटुंबाची किंमत मोजायला बसलं तर कुणीच ठाम उभं राहणार नाही. ‘बायकापोरं आहेत हो’ हे जगातलं सर्वांत सोयीचं निमित्त आहे, लाच घेणारा तेच सांगतो आणि सही करणाराही. खरं आहे. म्हणूनच मी म्हणत नाही की मोजून मग मागे हटा. मी म्हणतो की मोजा, उभे राहा, आणि नंतर उभं राहणाऱ्यांत सगळ्यांची नावं घ्या. रॅल्फच्या नकारात मेरीचे दीड-दोन वर्षांचे जिने, एक बाळंतपण आणि दोन मृत्यू मिसळलेले आहेत. तो नकार टिकला तो तिच्या पायांवर. तिनं जप्ती उठवली नसती तर रॅल्फपुढे दोनच वाटा होत्या, भुकेनं परत येऊन सही करायची किंवा परदेशात उधारीवर मरायचं.

दुसरा आक्षेप असा की त्या काळाला आजच्या मापानं मोजू नये. मोजत नाही. डॉक्टर डेंटन त्याच काळातले, पाचव्या हिश्श्याचा कायदा त्याच काळातला. तेव्हाच्या लोकांना दिसत होतं ते आपण का खोडून टाकायचं, एवढंच विचारतो.

आणि आपण खोडतो, यात शंका नाही. आपल्याकडची राजकीय चरित्रं उघडून बघा. शेवटच्या प्रकरणाच्या जरा आधी एक वाक्य असतं: ‘त्यांच्या या खडतर वाटचालीत पत्नीची मोलाची साथ लाभली.’ मोलाची म्हणायचं नि मोल सांगायचं नाही. गंमत अशी की दोष द्यायचा असला की आपल्याला घर बरोबर आठवतं. तिकीट मुलाला, कारखाना जावयाला, पतसंस्था मेहुण्याला, हे आपण तोंडपाठ सांगतो आणि त्याला घराणेशाही म्हणतो. सत्ता खाल्ली तर घरानं मिळून खाल्ली, आणि तुरुंग भोगला तर त्यानं एकट्यानं. हा हिशेब जमत नाही.

नात्यातल्या एका आजोबांचं सांगतो. आणीबाणीत ते तुरुंगात होते. त्या महिन्यांत आजी शिवणकाम करायच्या आणि एका लांबट वहीत रोजचं लिहायच्या: ब्लाउज किती, हुक-काज किती, वाण्याची उधारी किती, शाळेची फी कुणाकडून घेतली. पुढे घर रिकामं करताना आजोबांची तुरुंगातली पत्रं एका ग्रंथालयानं आदरानं नेली. वह्या रद्दीवाल्यानं नेल्या, किलोच्या भावानं. मी तिथं होतो, आणि मलाही तेव्हा काही वावगं वाटलं नाही. आज त्या पत्रांत काय आहे ते मला साधारण माहीत आहे, कारण तसली पत्रं छापून आली आहेत. त्या घरातली चूल कशी चालली ते आता कुणालाच कळणार नाही.

म्हणून माझी मागणी भावनिक नाही, कागदांची आहे. सार्वजनिक माणसाचे कागद संग्रहालयात घेताना घराचे कागदही घ्या. किराण्याच्या वह्या, गहाणखतं, सुनेची माहेरी गेलेली पत्रं, डॉक्टरची बिलं. स्मारकाला सरकारी निधी द्यायचा असेल तर त्यातला काही भाग या कागदांवर खर्च करा. घराच्या आत डोकावणं वेगळं आणि घराचा हिशेब मांडणं वेगळं. कोण कुणाशी रात्री काय बोललं, यात मला रस नाही. फी कुणी भरली, यात आहे.

व्हर्नींचे कागद वाचले तेही घरात आलेल्या बायकांमुळे. वंश नंतर तुटला, नाव आणि वाडा दुसऱ्यांकडे गेला. १८५८ मध्ये सर हॅरी व्हर्नीशी लग्न करून पार्थेनोपी नाइटिंगेल क्लेडनला आली, फ्लोरेन्सची थोरली बहीण. तिला या पत्रांचं वेड लागलं. ती गेल्यावर सर हॅरीची सून मार्गारेट हिनं काम पुढे नेलं, आणि १८९२ ते १८९९ मध्ये चार खंड निघाले. फ्लोरेन्स क्लेडनला वारंवार येऊन राहायची. तीच पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशी हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार करत होती. पार्थेनोपीच्या आधी क्लेडनच्या कुणा कारभाऱ्यानं माळा झाडला असता, तर मेरी व्हर्नी म्हणजे चर्चच्या नोंदवहीतल्या दोन ओळी असत्या.

रॅल्फ स्वतः १६९६ पर्यंत जगला. पुन्हा लग्न केलं नाही. त्याच्या सामानाच्या एका यादीत काळी रात्रीची टोपी आहे, काळा कंगवा आहे, काळा ब्रश आहे. मेरीचा देह मसाले भरून फ्रान्सहून समुद्रमार्गे आणवला नि मिडल क्लेडनच्या चर्चमध्ये ठेवला. १६५३ मध्ये तो परतला आणि तिथं एक संगमरवरी स्मारक उभं केलं. त्यावर चार अर्धपुतळे आहेत. वर वडील, ज्यांचा देह तिथं नाही, आणि आई. खाली मेरी, आणि तिच्या शेजारी तो स्वतः, मरणाच्या चाळीसएक वर्षं आधी.